हरकतीचा रकाना

पाकीट धाकटीच्या नावाचं होतं आणि ते थोरलीने फोडलं. इमारतीच्या दारातल्या पत्रपेट्यांपाशी उभी राहून, एका हातात पावाची पिशवी सांभाळत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने पाकिटाची कड उचकटली. हे आपण काय करतो आहोत, असा प्रश्नही तिच्या मनात आला नाही, कारण डाव्या कोपऱ्यातला गोल शिक्का तिला दिसला होता. त्या शिक्क्याखाली तिने तेहतीस वर्षं नोकरी केली होती. तो शिक्का ज्यावर आहे ते पाकीट आपलंच, हा हिशेब तिच्या हातांनी डोक्याला न विचारता केला. आतला कागद जाड होता, भाषा सरकारी. नव्या कायद्यानुसार, ज्या व्यक्तींच्या शरीरातील नमुने त्यांच्या स्पष्ट संमतीविना साठवले अथवा संशोधनासाठी वापरले गेले, त्यांना विचारणा करणे बंधनकारक आहे. आपल्या कानाखालील गाठीचा मेणात बसवलेला एक ठोकळा आमच्या संग्रहात एकतीस वर्षांपासून आहे. तो ठेवावा, वापरावा की नष्ट करावा, हे साठ दिवसांत कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास नमुना नष्ट करण्यात येईल. शेवटचं वाक्य थोरलीने तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं ते नीट कळावं म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं ते खरं वाटेना म्हणून. आणि तिसऱ्यांदा, हे ती पुढे स्वतःशीसुद्धा कबूल करायला कचरली, वाचलं ते त्यात एक दार उघडं दिसलं म्हणून. उत्तरच गेलं नाही तर सगळं आपोआप मिटणार होतं. कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. साठ दिवस मूग गिळून बसायचं, बस्स.

तीन मजले चढताना तिला धाप लागली, आणि ती नेहमीसारखी वयाची नव्हती. शहात्तर वर्षांची बाई जिन्यात थांबते ते गुडघ्यांसाठी. ती थांबली ते कागद घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात, औषधाच्या चिठ्ठ्यांमागे सारण्यासाठी. दार उघडं होतं. आतून धाकटीचा आवाज आला, "वहिनी, पाव आणलात की पाववाल्याशी भांडून तशाच आलात?"

"आणला. भांडलेही."

"पत्र वगैरे काही?"

"जाहिराती," थोरली म्हणाली. शब्द इतक्या सहज सुटला, की तो आपल्याच तोंडून बाहेर पडला हे ऐकून ती दचकली. म्हणजे आपल्याला सवय आहे तर. ह्या बाईशी खोटं बोलायची सवय आहे. फक्त एकतीस वर्षं तिचं काम पडलं नव्हतं.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, तेव्हा आठ वर्षांपूर्वी थोरलीने हुकूमच सोडला होता: दोन घरं, दोन चुली, दोन विजेची बिलं हा शुद्ध वेडेपणा आहे, सामान बांध आणि इकडे ये. धाकटी आली ती चार पेट्या पुस्तकं आणि लाल पेन्सिलींचा एक डबा घेऊन. जन्मभर एका छापखान्यात तिने मुद्रितं तपासली होती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, बसच्या तिकिटामागचे नियम, साबणाच्या खोक्यावरची स्तुती, काहीही हाती आलं की ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचत असे, आणि चूक सापडली की तिचा चेहरा कुणी गोड पदार्थ पुढे केल्यासारखा उजळत असे. ह्या बाईपासून एक छापील कागद लपवायचा होता. थोरलीने पाव कापायला घेतला, आणि सुरी पावात उतरताना तिला आपल्या हाताचा राग आला. तो अजूनही किती सरळ, किती एकसारख्या चकत्या पाडत होता!

त्या हाताचा तिला जन्मभर अभिमान होता. प्रयोगशाळेत तिला 'मोठ्या बाई' म्हणत, आणि नवे डॉक्टर आले की त्यांना आधी तिच्या यंत्रापाशी आणून उभं करत. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ बरणीतून यायची. तिच्यातला नखाएवढा तुकडा निवडायचा, त्यातलं पाणी काढायचं, तो वितळलेल्या मेणात मुरवायचा, मेण थिजलं की झाला ठोकळा. मग तो यंत्रावर चढवून चाक फिरवायचं, आणि पात्याखालून मेणाची फीत निघायची, केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी पातळ. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, श्वास रोखून काचपट्टीवर उचलायची आणि रंगवायची. गुलाबी आणि जांभळं. इतरांच्या फिती चुरगळत, तुटत. मोठ्या बाईंची फीत तुटली असं कुणी पाहिलं नव्हतं. बरणीत जे उरे ते महिन्याने जाळायला जाई. ठोकळा मात्र कधीच जात नसे. ठोकळा म्हणजे शरीर नव्हे, ठोकळा म्हणजे दप्तर, अशी तिथली समजूत होती; ती कुणी कुणाला शिकवत नसे, आणि तरीही नव्या माणसाला आठवडाभरात ती अंगवळणी पडत असे. लोखंडी कपाटं, त्यांचे उथळ खण, खणांत दाटीवाटीने बसलेले, वर्ष आणि क्रमांक मिरवणारे हजारो ठोकळे. थोरलीला त्या कपाटांमधून चालताना नेहमी शांत वाटे. ही सगळी माणसं आहेत, असं तिला कधी वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर हात थरथरला असता, आणि थरथरत्या हाताचा त्या यंत्राला काही उपयोग नव्हता.

धाकटीला मात्र ते पहिल्याच दिवशी वाटलं होतं. लग्न होऊन घरात आली त्या वर्षी थोरलीने तिला मोठ्या तोऱ्याने आपली प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. यंत्र पाहिलं, फीत पाहिली, वा वा झालं. आणि मग विद्यार्थ्यांसाठी मांडलेल्या बरण्यांच्या खोलीत ती एका बरणीपुढे थबकली. आत एक हात होता, मनगटापर्यंत. त्याच्यावरच्या चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक तिने आधी दाखवली, आणि मग तितक्याच साध्या आवाजात विचारलं, "ज्याचा आहे, त्याला विचारलं होतं का हो?" थोरली खळखळून हसली होती. जेवताना तिने तो प्रश्न सगळ्यांना सांगितला, दीरसुद्धा हसले, आणि धाकटी बिचारी लाजून ताटात बघत बसली. पण तिचा प्रश्न मिटला नव्हता. दहा-बारा वर्षांनी कानाखाली गाठ आली, शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी रुग्णालयाच्या खाटेवर बसून तिने थोरलीचा हात धरला. मरणाचं भय तिच्या बोलण्यात नव्हतं. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडेच येणार ना ते सगळं? माझं तिथे काही ठेवू नका. बरणीत नाही, कुठेच नाही. कुणीतरी येईल, बघेल, मी तिथे नसेन आणि माझं काहीतरी तिथे असेल, हे मला सोसवत नाही. वेडेपणा म्हणा हवं तर." थोरली म्हणाली, "वेडीच आहेस. झोप आता." आठ दिवसांनी, टाके निघाल्यावर, धाकटीने पुन्हा विचारलं, "टाकलंत ना सगळं?" त्याच सकाळी, महिन्याची वाट न बघता, थोरलीने स्वतःच्या हाताने बरणी रिकामी केली होती. "टाकलं," ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या हिशेबात ते अगदी खरं होतं. ठोकळा खणात होता. तो तिने कापला होता, आणि आजवर कापलेल्यांत तो सर्वांत देखणा उतरला होता.

नऊ दिवस तो कागद पर्समध्ये राहिला. ह्या नऊ दिवसांत थोरली विलक्षण चांगली वागली. धाकटीच्या चष्म्याची सैल झालेली काडी दुरुस्त करून आणली, टीव्हीवर तिला हवी ती वाहिनी लावू दिली, आणि एका सकाळी तर चहा स्वतः करून तिच्या उशाशी नेऊन ठेवला. धाकटी कपाकडे बघत राहिली. "वहिनी, डॉक्टरांनी माझ्याबद्दल तुम्हाला काही सांगितलंय का? मला किती दिवस उरलेत ते एकदा सांगूनच टाका." थोरली खेकसली, तेव्हा कुठे धाकटीच्या जिवात जीव आला. पण थोरलीच्या मनात ते बोलणं रुतून बसलं. आपण सांगितलं तर काय होईल? ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. ती लाल पेन्सिली डब्यात भरेल, पुस्तकांच्या चार पेट्या बांधेल आणि भाचीकडे निघून जाईल. जाताना विजेच्या बिलाचा आपला अर्धा वाटा टेबलावर ठेवील. मग ह्या घरात बोलायला कोण उरेल? मुलगी दूरच्या शहरात, फोन रविवारी. थोरलीला आयुष्यात पुष्कळांनी घाबरून मान दिला होता. तिची थट्टा करणारं माणूस हे एवढंच होतं.

आणि नुसता ठोकळा असता तरी एक वेळ सांगता आलं असतं. त्यापुढचं कसं सांगायचं? शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने एक संशोधक डॉक्टर दुर्मीळ गाठी शोधत आले. खणांची माहिती मोठ्या बाईंना तोंडपाठ. त्यांनी विचारलं आणि तिनेच खण ओढला, तिनेच तो ठोकळा काढला, तिनेच पुन्हा यंत्रावर चढवला. नमुन्यांच्या वहीत अकरावा रकाना होता: अभ्यासासाठी वापरण्यास हरकत? विचारायचं कुणी, हे कधी ठरलंच नव्हतं. वॉर्डातल्यांना वाटे प्रयोगशाळेतले विचारतात, प्रयोगशाळेतल्यांना वाटे वॉर्डात विचारलेलं असणार. दर शनिवारी वही पुढे घ्यायची, पानाच्या पहिल्या ओळीत 'नाही' लिहायचं आणि तिथून तळापर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या दोन छोट्या उभ्या रेघा ओढत जायचं, अशी तिथली रीत. त्या रेघा थोरलीच्या हातच्या असत आणि त्या फार सुबक असत. धाकटीच्या नावापुढेही तिने त्या ओढल्या. तिथे पेन अडलं होतं का? ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारी. अडलं असतं तर बरं झालं असतं, निदान मनाची टोचणी तरी म्हणता आली असती. पण नाही, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर हात जसा जातो तसा तो गेला होता. डॉक्टरांचा लेख छापून आला, त्यातला काचपट्टीचा फोटो मोठा करून प्रयोगशाळेच्या गॅलरीत लावला गेला. गुलाबी पटलावर जांभळ्या वेलबुट्ट्या. थोरलीच्या निरोप समारंभाला घरची सगळी आली होती, आणि धाकटी हातात सरबताचा पेला घेऊन नेमकी त्या फोटोखाली उभी राहिली, मान वर करून. "काय सुंदर आहे हो हे! पडद्याला असं कापड मिळालं तर मी घेईन." थोरली हसली होती. त्या हसण्याची चव अठरा वर्षांनंतरही तिच्या तोंडात होती, कडू औषध चघळल्यासारखी.

दहाव्या दिवशी ती एकटीच तिथे गेली. धाकटीला दाताच्या डॉक्टरांचं कारण सांगितलं. आता खोटं खोट्याला ओढत होतं. इमारत नवी झाली होती, दारावरच्या पहारेकऱ्याने तिला ओळखलं नाही आणि नाव लिहायला लावलं. 'संमती कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत एक पस्तिशीची बाई सफरचंद खात संगणकापुढे बसली होती. तिने घाईने सफरचंद खणात ठेवलं.

"मी इथे तेहतीस वर्षं होते," थोरली उभ्यानेच म्हणाली.

"हो का? बसा ना."

ह्या वाक्याचा परिणाम एवढाच झालेला पाहून थोरली बसली. तिने कागद पुढे केला. "मी हिची थोरली जाऊ. घरात वडीलधारी मीच. ह्यावर काय लिहायचं ते सांगा, मी सही करते."

"त्या हयात आहेत?"

"आहे."

"आजारी आहेत का? म्हणजे, बोललेलं समजतं त्यांना?"

"समजतं? अहो, ती व्याकरणावरून टीव्हीशी भांडते."

"मग त्यांनाच विचारावं लागेल," संमतीवाली बाई म्हणाली. आवाजात अदब होती, पण तसूभरही वाट नव्हती. थोरलीने आपला जुना आवाज काढला, ज्या आवाजापुढे शिकाऊ डॉक्टर नमत. नियम मलाही ठाऊक आहेत, म्हणाली, आणि ज्येष्ठ नातेवाइकाच्या सहीने आजवर काय काय झालं आहे तेही ठाऊक आहे. समोरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. "हो, झालं आहे ना. म्हणून तर आम्ही चाळीस हजार पत्रं पाठवतोय." मग जरा हसून म्हणाली, "एका आजोबांनी उत्तर पाठवलंय की आमचं आतडं आम्हाला टपालाने परत करा, सोबत तिकिटं जोडली आहेत."

थोरलीला हसू आलं नाही. "आणि तिला विचारलंच नाही तर? मुदतीनंतर नष्ट होणार ना?"

"होणार. पण खरं सांगू का, तसं झालेलं मला आवडत नाही. उत्तर न येणं म्हणजे 'नको' नव्हे. माणूस गप्प राहिला की आपण त्याच्या वतीने काहीतरी धरून चालतो. पूर्वी 'हो' धरत होतो, आता 'नको' धरतो. विचारलं कुठे?" तिने संगणकाचा पडदा थोरलीकडे वळवला. "हे बघा ना." पडद्यावर वहीचं पान होतं. अकरावा रकाना. वर एक 'नाही', आणि तिथून खाली रेघांची रांग, मुंग्यांसारखी शिस्तीत चाललेली. "कुणीतरी एका दमात भरलंय. अक्षर मात्र सुरेख आहे हं."

थोरली त्या रेघांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी आपलं अक्षर पडद्यावर उजेडात उभं होतं, आणि त्याची कुणीतरी स्तुती करत होतं. "माझं आहे ते," ती म्हणाली.

समोरची बाई ओशाळली, मग सावरून म्हणाली, "तेव्हा सगळीकडे तशीच पद्धत होती ना."

ही सवलत घ्यायची आणि उठायचं, एवढंच बाकी होतं. थोरलीला ती घेता आली नाही. "पद्धत होती," ती म्हणाली. "पण ह्या ओळीवरच्या बाईने मला आदल्या दिवशी हात धरून सांगितलं होतं, माझं काही ठेवू नका म्हणून. बाकीच्यांना मी विचारलं नाही. हिला विचारायचीही गरज नव्हती." परक्या बाईपुढे हे बोलून झालं, आणि तिने पडदा परत त्या बाईकडे वळवून ठेवला. लाज होतीच. पण लाजेला आता टेकायला जागा मिळाली होती.

ती घरी आली तेव्हा धाकटी खिडकीशी बसून मटार सोलत होती. "काय म्हणाले दाताचे डॉक्टर?" थोरलीने चपलाही काढल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. बरणी, ठोकळा, खण, डॉक्टर, रेघा. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही, जसा अहवाल द्यावा तसं. शेवटी फोटोचंही सांगितलं. मटारची शेंग धाकटीच्या बोटांत अर्धी उघडून तशीच राहिली.

"तो पडदा," ती म्हणाली. "तो मी होते?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

"हो."

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने पत्र दिलं. तिने आधी पाकीट उलटसुलट केलं. "फोडलेलं आहे."

"हो."

"तेही न विचारता." मग बराच वेळ ती वाचत राहिली. "आणि रेघा म्हणालात त्या? 'वरीलप्रमाणे' म्हणजे कुणाप्रमाणे? माझ्या वरच्या ओळीत कोण होतं?"

"पानाच्या सुरुवातीला कुणी एक गृहस्थ होते."

"त्यांना तरी विचारलं होतं?"

"नाही."

"म्हणजे एका न विचारलेल्या माणसाच्या जोरावर पानभर न विचारलेली माणसं. वहिनी, आमच्या छापखान्यात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता." ती उठली, मटारचं भांडं ओट्यावर ठेवलं, आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. आदळलं असतं तर थोरलीला सोपं गेलं असतं.

दोन दिवस धाकटी बोलली नाही. म्हणजे दूध आलंय, नळ नीट बंद करा, एवढं बोलली. थोरलीने त्या दोन दिवसांत माफी मागायचा प्रयत्न केला नाही. मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि ह्या बाईकडून आणखी काही घ्यायची तिची छाती नव्हती. ती नुसती कान लावून बसे. पेट्या ओढल्याचा आवाज येतो का, पुस्तकं फळीवरून निघतात का. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ते पत्र पडलेलं होतं, तीन ठिकाणी लाल पेन्सिलीच्या खुणा केलेलं, आणि धाकटी बाहेर जायचे कपडे घालून उभी होती. "चला. मला ते बघायचंय. आणि दाताच्या डॉक्टरांकडे जातो असं कुणाला सांगू नका वाटेत."

संमतीवाल्या बाईने सहा पानी अर्ज पुढे ठेवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. धाकटीने ते बोट अलगद बाजूला केलं. मग तिने तो अर्ज वाचला. तासभर वाचला. मध्ये एकदा विचारलं, "इथे 'संबंधित संस्था' म्हटलंय. कोणाशी संबंधित?" एकदा म्हणाली, "हे वाक्य लिहिणाऱ्यालाही कळलेलं नाही." संमतीवाल्या बाईने न कंटाळता उत्तरं दिली, जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली, आणि थोरली भिंतीशी बसून ते ऐकत राहिली. तिला वाटलं, एकतीस वर्षांपूर्वी एवढाच एक तास लागला असता.

ठोकळा एका लहान तबकात आणला गेला. धाकटीने तो चिमटीत धरला, उजेडाकडे केला, नाकाशी नेला. "मेणबत्तीसारखा वास येतोय," ती म्हणाली. मेणात मधोमध तांदळाच्या दोन दाण्यांएवढा करडा डाग होता. "एवढंच? ह्याच्यासाठी मी इतकी घाबरले होते?" तिने तो संमतीवाल्या बाईपुढे धरला. "लेख छापला आहे. तो फोटोही. ते परत घेता येईल का?"

"नाही," संमतीवाली बाई म्हणाली. "तिथे नाव नाही तुमचं, पण परत घेता येणार नाही."

"छापून गेलेलं परत येत नाही, हे मला नका सांगू. जन्म त्यातच गेला माझा. म्हणून छापायच्या आधी विचारायचं असतं." ती थोरलीकडे वळली. "तुम्हाला काही म्हणायचंय, वहिनी?"

म्हणायचं पुष्कळ होतं. असला ठोकळा पुन्हा होणार नाही; अशी गाठ हजारांत एकीला होते; ह्यातून अजून शंभर फिती निघतील. हे सगळं थोरलीच्या ओठांपर्यंत आलं, तेहतीस वर्षांच्या नोकरीचं बळ घेऊन आलं. तिने ते गिळलं. "बिनचूक कापला होता," एवढंच ती म्हणाली.

"ते दिसतंय मला." धाकटीने ठोकळा तबकात ठेवला, जपून, आपटणार नाही असा. "हा नको. नष्ट करा."

शब्द पडला, आणि थोरली वाट बघत राहिली की आता आत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. उलट इतकी वर्षं बरगड्यांखाली आवळून धरलेली एक मूठ हळूहळू सुटली, जीव भांड्यात पडला. नकार मिळाला होता. तो ज्याचा होता त्याने दिला होता, मोठ्याने, शुद्धीवर असताना, आणि जग चालू होतं. संमतीवाली बाई अर्जावर खूण करत होती, खिडकीबाहेर कुणी गाडी मागे घेत होतं. एका 'नको'ला आपण एवढे भ्यालो! आणि तो ऐकल्यावर इतकं हलकं वाटतं!

"आता दुसरं," धाकटी म्हणाली. तिने अर्जाचं चौथं पान उलगडलं. "इथे लिहिलंय की ज्यांना अशी गाठ झाली होती आणि जे पुष्कळ वर्षं जगले, त्यांचं रक्त तुम्हाला हवं आहे. खरंच हवंय का, की कुठून तरी उतरवून घेतलेला मजकूर आहे?"

"खरंच हवंय," ती बाई म्हणाली; आणि सांभाळून पुढे म्हणाली, "पण तुम्ही नाही म्हणू शकता. द्यायचंच असंही नाही आणि आजच द्यायचं असंही नाही. नंतर कधीही परत मागू शकता."

"तर विचारा."

"काय?"

"मला विचारा. कागदाने नको. तोंडाने विचारा."

संमतीवाल्या बाईने खुर्ची पुढे ओढली. "तुमचं थोडं रक्त आम्ही ठेवून घेऊ का? ह्या आजाराच्या अभ्यासासाठी?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कानाखालच्या व्रणावरून बोट फिरवलं. "घ्या," ती म्हणाली. "बाराव्या कलमातलं 'कोणत्याही अन्य प्रयोजनार्थ' मी खोडते आहे. ते खोडलेलं चालत असेल तर घ्या."

ते चालत होतं. बाही वर झाली. रक्त घ्यायला आलेला माणूस थोरलीला ओळखणारा निघाला, मोठ्या बाई, तुम्हीच घेता का, म्हणाला. "नको हो," धाकटीने तत्परतेने सांगितलं, "ह्यांचा हात मेणावर चांगला." तो हसला, संमतीवाली बाई हसली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच आपली थट्टा झालेली ऐकून थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने चष्मा पुसण्याच्या निमित्ताने निस्तरलं.

परतीच्या बसमध्ये दोघींना शेजारची जागा मिळाली. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी, काचेतून ऊन मांडीवर येत होतं. धाकटी बराच वेळ अर्जाची आपली प्रत वाचत होती, मग म्हणाली, "भाचीकडे जावं असं आलं होतं मनात. पण तिच्याकडे वर्तमानपत्र येत नाही." आणि थोरली काही बोलायच्या आत तिचा डोळा लागला, मान थोरलीच्या खांद्यावर कलंडली. तिच्या कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा होता, त्यावरची चिकटपट्टी एका बाजूने सुटत चालली होती. थोरलीचा हात आपोआप तिकडे गेला. चिकटपट्टी अलगद, न कळत कशी काढायची, हे तिच्याइतकं कुणाला येत होतं? झोपलेल्या माणसाला कळलंसुद्धा नसतं. हात हवेत थांबला. थोरलीने तो परत मांडीवर आणला आणि तिथे दुसऱ्या हाताखाली ठेवला.

थांबा यायच्या जरा आधी धाकटी जागी झाली. "काय बघताय?"

"कापूस काढू का तुझा?"

धाकटीने हाताकडे पाहिलं, एका बोटाने बोळा दाबून बघितला, आणि विचार केला. "थांबा," ती म्हणाली. "अजून जरा वेळ राहू दे."

"बरं," थोरली म्हणाली, आणि थांबली.